माशाचा बेत

'बेत' हा मराठीतला मोठा सोयीचा शब्द आहे. घर बांधण्याचा बेत असतो, काशीला जाण्याचा असतो, आणि रविवारी सकाळी शेजारच्या वहिनींनी कुंपणावरून "आज काय बेत?" म्हणून विचारले की तोच शब्द मुकाट्याने स्वयंपाकघरात शिरतो. आमच्या घरी माशाचा बेत चालला आहे असे मी ऑगस्टमध्ये कॉलेजच्या स्टाफरूममध्ये सहज बोलून गेलो, तेव्हा इतिहासाच्या प्राध्यापकांनी "मग आम्हांला कधी बोलावता?" असे साहजिकच विचारले. "बहुधा एप्रिलमध्ये," मी म्हणालो. एका माशासाठी आठ महिने आधीपासून तयारीला लागणारे घर आपल्या पाहण्यात नाही, असे ते म्हणाले आणि पुन्हा उत्तरपत्रिकांकडे वळले. त्यांना खुलासा करावा लागला. आमचा मासा अजून कढईत नाही, नदीत आहे. आणि ती नदीही दौंडपासून जवळजवळ दोन हजार किलोमीटरांवर, नेपाळच्या सरहद्दीवर आहे.

या बेताचे मूळ मात्र त्याहून लांब, कॅनडात आहे. माझा एक जुना विद्यार्थी तिकडे नोकरीला असतो. त्याने गेल्या मार्चमध्ये एक छायाचित्र पाठवले. करडे आभाळ, करडे पाणी, काठाने सूचिपर्णी झाडांची काळी रांग, आणि होडीत उभा असलेला आमचा हा शिरूर तालुक्यातला मुलगा, दोन्ही हातांवर एक लांबलचक हिरवट ठिपक्यांचा मासा बारशातल्या बाळासारखा धरून. खाली लिहिले होते : "सर, हा पाईक. एक मीटर आठ सेंटिमीटर. मोजला आणि सोडून दिला." ज्या तळ्यावर ते गेले होते तिथे रस्ता जात नाही म्हणे. पाण्यावर उतरणारे छोटे विमान माणसांना आणि शिधासामग्रीला तिथे टाकून जाते आणि ठरल्या दिवशी न्यायला येते. चौघा मित्रांनी वर्षभर पैसे साठवून, नकाशे पाहून तो प्रवास आखला होता.

मराठीच्या मास्तराला आधी शब्द दिसतो, मासा मागाहून. आपल्याकडे पाईक म्हणजे पायदळाचा शिपाई. संतांनी त्याला विठ्ठलाच्या दारी नेऊन उभा केला. इंग्रजीतला पाईक म्हणजे भाला, आणि टोकदार लांब तोंडामुळे माशाला ते नाव मिळाले. शिपाई आमच्याकडचा, भाला त्यांच्याकडचा, आणि दोघांची गाठ कॅनडातल्या तळ्यावर पडावी, या गमतीने मला हसू आले. ती गंमत सांगायला म्हणून मी ते छायाचित्र अण्णांना दाखवले. अण्णांनी चष्मा लावला, बराच वेळ पाहिले. माझी व्युत्पत्ती त्यांच्या कानांपर्यंत पोचली असेल असे वाटत नाही.

"दात बघ याचे," ते म्हणाले. मग मोबाईल मला परत देत म्हणाले, "पण जोर खडशीचा. मला एकदा खडशी धरायचीय."

अण्णा 78 वर्षांचे आहेत. आयुष्यभर त्यांनी स्वतःसाठी काही मागितल्याचे मला आठवत नाही. रेल्वेत खलाशी म्हणून लागले आणि इंजिनचालक होऊन निवृत्त झाले. रेल्वेच्या माणसाला मागण्याची सवय नसते, त्याला सिग्नलची वाट पाहण्याची असते. त्यामुळे त्यांचे ते वाक्य मी ऐकले आणि तसेच धरून ठेवले.

दौंडचा आणि या माशाचा काय संबंध, असे वाचकांना वाटेल. आमचे गाव बाहेरच्यांना ठाऊक आहे ते जंक्शन म्हणून. 1878 साली इथून मनमाडचा फाटा निघाला, तेव्हापासून गावाला दोन घड्याळे आहेत, एक सूर्याचे आणि एक रेल्वेचे. परंतु गाव वसले आहे भीमेच्या काठी, आणि जुन्या रेल्वे वसाहतीत जी अँग्लो-इंडियन कुटुंबे राहत त्यांतल्या काही पुरुषांना पाळी संपली की पुलाखाली गळ टाकून बसण्याचा नाद होता. अण्णा अकरा वर्षांचे असताना, म्हणजे 1958 च्या सुमारास, त्यांच्या शेजारच्या अशाच एका ड्रायव्हरने एक खडशी काढली. तिचे वजन काही कुणी केले नाही. पण दोन हमालांनी ती बांबूला टांगून आणली तेव्हा तिची शेपटी धुळीत रेघ ओढीत होती, आणि ती रेघ पुलापासून वसाहतीपर्यंत होती, असे अण्णा सांगतात. त्या संध्याकाळी साहेबाच्या बायकोने तुकडे करून नऊ घरी पाठवले. आमच्या घरी शेपटीकडचा तुकडा आला. अण्णांच्या सांगण्यात त्या माशाची चव कधीच नसते. असतात ती नऊ घरे, आणि कुणाकडे कोणता तुकडा गेला ते.

पुढे अण्णा त्याच साहेबाच्या हाताखाली फायरमन झाले. साहेब कुटुंबासह ऑस्ट्रेलियाला निघून गेला तेव्हा जाताना आपले पितळी रीळ अण्णांना देऊन गेला. ते आमच्याकडे देवघराखालच्या कप्प्यात आहे. दर दसऱ्याला त्याला तेल मिळते, हळदकुंकू मिळते, पाणी मात्र त्याने पन्नास वर्षांत पाहिलेले नाही.

खडशी म्हणजे महाशीर. मोठ्या खवल्यांचा, जाड ओठांचा, वाहत्या स्वच्छ पाण्यात आणि खडकांच्या आडोशाने राहणारा मासा. तो आमच्या इतका घरचा आहे की शास्त्राला त्याची ओळखच आमच्या नदीने करून दिली. कर्नल साईक्स नावाचा एक इंग्रज अधिकारी 1824 ते 1831 या काळात दख्खनची शिरगणती, शेतीची आणि हवापाण्याची मोजणी करीत हिंडत होता. पाखरे, मासे, काही त्याच्या नजरेतून सुटले नाही. त्याने 1839 साली लंडनमध्ये या माशाचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि तो मिळाल्याचे ठिकाण लिहिले : मुळामुठा नदी, पुण्याच्या पूर्वेला सुमारे आठ मैल. म्हणजे मांजरीच्या आसपास कुठेतरी, असा माझा अंदाज. तीच मुळामुठा पुढे आमच्या तालुक्यातल्या वाळकीपाशी भीमेला मिळते. मला कौतुक वाटते ते याचे, की साईक्सने नावे नवी पाडली नाहीत. कोळ्याने जे सांगितले ते कानाला जसे लागले तसे त्याने लॅटिनच्या अंगरख्यात घातले. खुद्री, मुसुल्ला, कोळूस, बोग्गट, मुल्या. आज जगातल्या कुठल्याही विद्यापीठात या माशाला 'टॉर खुद्री' म्हणतात तेव्हा दोनशे वर्षांपूर्वीचा पुणे प्रांतातला एक अनामिक कोळी बोलत असतो. मराठी भाषा किती दूरवर गेली याविषयी व्याख्याने पुष्कळ होतात. हा मासा कुणाच्या व्याख्यानात मी अजून ऐकलेला नाही.

आता मांजरीच्या पुलावरून खाली पाहिले तर जलपर्णी दिसते. पुण्याचे सांडपाणी घेऊन मुळामुठा येते, ती भीमेच्या पदरात घालते. खाली 1980 साली उजनीचे धरण पुरे झाले आणि त्याचा फुगवटा आमच्या तालुक्याच्या अंगणापर्यंत आला. मी त्या धरणाला नावे ठेवणार नाही. त्याच्या पाण्यावर सोलापूर जिल्ह्याचा ऊस उभा आहे, आणि हिवाळ्यात भिगवणला रोहित पक्षी पाहायला पुण्यामुंबईच्या गाड्यांची रीघ लागते. मासळीचा बाजारही मोठा भरतो. पण त्या पाटीत पाहाल तर मुख्यतः चिलापी, आफ्रिकेतून आलेली, कुठल्याही पाण्यात संसार थाटणारी. साचलेले पाणी खडशीला मानवत नाही. अण्णा चिलापी खातात, आवडीने खातात. पण गळ टाकायला म्हणून ते कित्येक वर्षांत नदीवर गेलेले नाहीत.

मग जायचे कुठे? इथून खरा बेत सुरू झाला, आणि खरे सांगायचे तर बेताचे सुख प्रवासाच्या सुखाहून तसूभरही कमी नसते. रात्री जेवणे झाली की आमच्या बैठकीच्या खोलीत नकाशा पसरला जाई. अकरावीतली कन्या मोबाईलवर नद्या काढून दाखवी, सौभाग्यवती एका जुन्या डायरीत खर्च मांडी, आणि अण्णा एकेक जागा रद्द करीत.

पहिली रद्द झाली लोणावळ्याची वळवण. तिथे टाटांच्या तलावाकाठी 1970 च्या सुमारास महाशीरची पैदास सुरू झाली. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी या मत्स्यशास्त्रज्ञांनी मादीची अंडी आणि नराचे वीर्य हातांनी काढून, ती एकत्र करून पिल्ले वाढवण्याची रीत तिथे बसवली. याच कुलकर्णींनी 1952 साली कृष्णेतल्या एका माशाचे वर्णन केले होते, जो दुसऱ्या माशांची खवले खाऊन जगतो. त्याला त्यांनी शास्त्रीय नाव दिले 'खवलचोर'. इतका सुरेख मराठी शब्द लॅटिनमध्ये नेऊन बसवणाऱ्या माणसाविषयी मला साईक्सइतकाच आदर आहे. वळवणहून लाखो पिल्ले देशभर गेली. अण्णा म्हणाले, "तिथली खडशी माणसानं सोडलेली. कोंबडीसारखी." विषय संपला.

कावेरीचा विचार झाला. महाशीरच्या गोष्टी सांगणाऱ्यांची ती पंढरी. 1946 साली म्हैसूरच्या व्हॅन इंजेन घराण्यातल्या एकाने काबिनी नदीत 120 पौंडांचा महाशीर काढला होता. हे घराणे मेलेल्या वाघांना पेंढा भरून जिवंत दिसायला लावण्याबद्दल प्रसिद्ध. महाराजांच्या शिकारी भिंतीवर चढत त्या त्यांच्याच हातून. पण कावेरीचा तो मूळचा पाठीला कुबड असलेला महाशीर आज नामशेष होण्याच्या काठावर आहे. त्याची नीट शास्त्रीय ओळख पटली तीसुद्धा 2018 साली. आणि त्याच्या जागी कोण बसला आहे? लोणावळ्याहून सद्भावनेने पाठवलेला आपला खुद्री. पाहुणा म्हणून गेला आणि घरमालक झाला. 2020 साली आंतरराष्ट्रीय यादीत आपल्या खुद्रीचे नाव संकटग्रस्तांतून काढून निर्धोकांत घातले गेले, त्याचा मला आनंद व्हावा की संकोच, हे मी अजून ठरवलेले नाही. शिवाय तिथल्या अभयारण्याच्या हद्दीत गळ टाकणे आता बंद आहे. कोयनेचा शिवसागर याच कारणाने सुटला.

शेवटी कन्येचे बोट नकाशावर खूप वर गेले. उत्तराखंडात चंपावत जिल्ह्यात पंचेश्वर म्हणून ठिकाण आहे. हिमनद्यांचे पाणी आणणारी काळी नदी आणि झऱ्यांवर पोसलेली शरयू यांचा तिथे संगम होतो. पलीकडचा काठ नेपाळचा. तिथे सोनेरी महाशीर असतो, आपल्या खडशीचा थोरला भाऊ. बर्फ वितळून काळी गढूळ होऊ लागली की मासे शरयूच्या निवळ पाण्याच्या तोंडाशी गोळा होतात, असे जाणकार सांगतात. एप्रिल चांगला. गळ टाकायला मत्स्यखात्याचा परवाना लागतो. दौंडहून कर्नाटक एक्स्प्रेसने दिल्ली, तिथून टनकपूरची गाडी, मग चंपावत, लोहाघाट अशी घाटाची वाट. चंपावतचे नाव निघताच माझ्या तोंडून जिम कॉर्बेट निघाला : त्याने 1907 साली तिथली नरभक्षक वाघीण मारली, पुढे 1944 च्या पुस्तकात नरभक्षकांच्या गर्दीतच एक प्रकरण महाशीरला दिले. आईने एवढेच विचारले, "वाघीण एकच होती का?"

पंचेश्वरला एक मोठे धरण व्हायचे आहे, भारत आणि नेपाळ यांच्यात 1996 साली तसा करार झाला. अजून ते झालेले नाही. हे ऐकून अण्णा थोडा वेळ गप्प होते. उजनीच्या पोटात गेलेल्या पळसदेवच्या देवळाचे शिखर उन्हाळ्यात वर येते तेव्हा पाहायला माणसे जातात. अण्णा कधी जात नाहीत. "तिथंच जाऊ," ते म्हणाले.

जागा ठरली आणि भांडण उभे राहिले. सोनेरी महाशीर संकटग्रस्त आहे. तो धरला तरी परत पाण्यात सोडायचा. हात ओले करून धरायचा, काटा नसलेला गळ वापरायचा, पाण्याबाहेर क्षणभर, आणि नाकातोंडात पाणी खेळवून हलकेच जाऊ द्यायचा. मी हे सगळे अण्णांना वाचून दाखवले.

"धरून सोडायचा? मग धरायचा कशाला?" अण्णा म्हणाले.

"धरून सोडायचा? मग धरायचा कशाला?" कन्या म्हणाली.

शब्द तेच, पण मध्ये साठ वर्षांची नदी. अण्णांचे म्हणणे असे की जो मासा तुमच्याशी अर्धा तास झुंजला त्याला खाल्ले पाहिजे; तो त्याचा मान. छायाचित्र काढून सोडून देणे म्हणजे पाहुण्याला पाटावर बसवून उठवणे. साहेबाने नऊ घरे जेवू घातली होती. कन्येचे म्हणणे असे की ज्याला खायचे नाही त्याच्या ओठात लोखंड घालण्याचा आपल्याला अधिकार नाही. मला दोघांचेही पटत होते, त्यामुळे माझ्या मताला घरात किंमत उरली नाही. सौभाग्यवतीचा मुद्दा निराळा होता. तिचे माहेर घोडनदीचे, म्हणजे सरकारी कागदावरच्या शिरूरचे, आणि तिथली माणसे हिशेबाला पक्की. डायरी मिटून ती म्हणाली, "एवढ्या पैशांत मागच्या भिंतीला गिलावा होतो. तो निदान घरी राहतो."

या भांडणात मला अनपेक्षित ठिकाणाहून कुमक मिळाली. एम. ए.च्या वर्गाला मी दर वर्षी 'मानसोल्लास' सांगतो. कल्याणीच्या चालुक्यांपैकी सोमेश्वर राजाने 1129 च्या सुमारास रचलेला हा संस्कृत ग्रंथ. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात असा त्यात उल्लेख आहे, तेवढ्यापुरता तो आमच्या अभ्यासक्रमात येतो आणि परीक्षेत चार गुणांना विचारला जातो. त्याच ग्रंथात 'मत्स्यविनोद' म्हणून प्रकरण आहे आणि त्यात गळाने मासे धरण्याची कला सांगितली आहे, हे मला या बेतामुळे समजले. डॉ. सुंदरलाल होरा या प्राणिशास्त्रज्ञाने 1951 साली त्यावर लिहिले होते. कोणता मासा काय खातो, दोरी कशी असावी, काठी कशी असावी, आमिष कशाचे. आणि मुख्य म्हणजे गळ टाकण्यापूर्वी माशांना त्या जागी खाऊ घालून सवय लावावी, हे त्या राजाने नऊशे वर्षांपूर्वी लिहून ठेवले आहे. 'विनोद' म्हणजे करमणूक. पोटासाठी नव्हे, कौशल्यासाठी. मी हे अण्णांना मोठ्या उत्साहाने सांगितले. "राजाला काय," अण्णा म्हणाले, "त्याच्या घरी स्वयंपाक झालेलाच असतो."

या सगळ्या चर्चेत एक गोष्ट कुणी बोलत नव्हते. दोन वर्षांपूर्वी अण्णांना पक्षाघाताचा हलका झटका येऊन गेला. चालणे बोलणे सुधारले, पण उजव्या हाताच्या बोटांची जाण गेली. पेला धरतात, सदऱ्याचे बटण लावतात, पण डोळ्यांनी पाहून. महाशीर गळाला लागतो तेव्हा तो पहिल्यांदा दिसत नाही, तंगूसावर टेकवलेल्या बोटाला कळतो, असे तेच मला लहानपणी सांगत. ते रात्री सगळे निजल्यावर पलंगावर बसून तंगूसाचा तुकडा घेत आणि गळाची गाठ मारीत. एकदा पाणी प्यायला उठलो तेव्हा मी पाहिले. गाठ अर्ध्यावर आली की निसटे. ते पुन्हा सुरुवात करीत. मी दिवा न लावता परत फिरलो.

दुसऱ्या दिवशी मी आपले सुचवले, की आधी हात नीट होऊ द्यावा, पुढच्या वर्षी जाऊ. अण्णांनी वर्तमानपत्र खाली ठेवले. "पूर्वी रेल्वे एकशेवीस दिवस आधी तिकीट देत होती," ते म्हणाले. "2024 च्या नोव्हेंबरपासून साठच दिवस आधी देते. एवढं मोठं खातं साठ दिवसांपलीकडचा भरवसा देत नाही. तू वर्षाचा कुठून देतोस?"

तोड निघाली ती आईकडून. आई कोकणातली, महाड तालुक्यातली. बिरवाडीच्या पुढे काळ नदीवर वाळणकोंड म्हणून एक खोल डोह आहे. वर देवीचे ठाणे आहे, आणि डोहातले मासे देवीचे. ते कुणी धरीत नाही, खात नाही. ते मासे म्हणजे हाच महाशीर. वाड्याजवळ वैतरणेच्या काठी तिळसे येथेही शंकराच्या आश्रयाने असेच मासे राखलेले आहेत. आई म्हणाली, "हिमालयात जायच्या आधी माझ्या माहेरचे मासे तरी बघून घ्या. लग्नाला पंचावन्न वर्षं झाली, तुम्ही एकदाही आला नाहीत." हे अक्षरशः खरे होते. अण्णांना सासुरवाडीला जायला रजा मिळे, पण डोहावर जायला वेळ नसे.

मे महिन्यात आम्ही भोरवरून वरंधा घाटाने उतरलो. वाटेत आईने चिरमुऱ्यांचा मोठा पुडा घेतला. डोहाचे पाणी खाली होते आणि काळसर हिरवे होते. उन्हाने तापलेल्या कातळावरून उतरताना मी अण्णांचा दंड धरला होता. आई पुढे झाली, पाण्याच्या कडेशी बसली आणि लहानपणी शिकलेल्या सवयीने तिने एक मूठ चिरमुरे पाण्यावर पसरले. आधी काहीच झाले नाही. मग तळातून एक सावली सुटी झाली, तिच्यामागे दुसरी, आणि पाहता पाहता पाणी पाठींनी भरले. हातभर लांब, त्याहूनही लांब. खवले रुपयाएवढी. त्यांना घाई नव्हती. जाड ओठ उघडून ते एकेक चिरमुरा असा उचलत होते, जसे म्हातारे लोक शेंगदाणे खातात.

अण्णा कातळावर टेकले. त्यांनी चिरमुरे उजव्या मुठीत घेतले आणि मूठ पाण्यात धरली. मी काही बोललो नाही. एक मोठा मासा आला, मुठीला तोंड लावून गेला, परत आला. अण्णांनी डोळे मिटले होते. असे किती वेळ चालले हे मी सांगू शकत नाही. कन्येने मोबाईल काढला होता तो तिने खाली घेतला.

"दोन बोटांना कळतंय," अण्णा म्हणाले. "तिसऱ्याला नाही."

आईने पुडा त्यांच्याकडे सरकवला. "मग दोन बोटांनी धरा," ती म्हणाली.

परतताना घाटात चहाला थांबलो तेव्हा अण्णांनी निर्णय जाहीर केला. पंचेश्वरला मोठा मासा लागला तर सोडायचा. लहान लागला तर कायद्याने सोडावाच लागेल, म्हणून सोडायचा. पण मोठा मात्र आपण होऊन सोडायचा. दोहोंत फरक काय, असे कन्येने विचारले. "पुष्कळ आहे," अण्णा म्हणाले, आणि चहात बिस्किट बुडवले. कन्येचे समाधान झालेले नाही. धरणे तिला अजूनही मान्य नाही, आणि म्हणून सोडताना तिथे हजर राहणे आपले कर्तव्य आहे, असे तिने ठरवले आहे.

त्यामुळे दोघांचा प्रवास तिघांचा झाला. आजोबा आणि नात इतक्या लांब निघाल्यावर आई मागे राहायला तयार नाही. तिला तो संगम पाहायचा आहे, आणि संगम म्हटले की स्नान आलेच. चौघांचा खर्च एका मास्तरच्या हाती देणे सौभाग्यवतीला धोक्याचे वाटते. तेव्हा आता पाच तिकिटे काढायची आहेत. गिलाव्याचा विषय डायरीच्या पुढल्या पानावर गेला आहे.

पितळी रीळ मी पुण्याला एका कारागिराकडून उघडून, साफ करून आणले. आतले दाते शाबूत होते. माशाचा जोर त्याला सोसणार नाही, नवे घ्यावेच लागेल, असे तो म्हणाला. नवे घेतले आहे, आणि जुनेही बरोबर न्यायचे आहे. अण्णांचा सराव आता रात्री लपून होत नाही. संध्याकाळी ओट्यावर बसून ते गाठी मारतात, डोळे मिटून, अंगठा आणि दोन बोटे. पहिल्यांदा एका गाठीला वीस मिनिटे लागत. गेल्या आठवड्यात मी घड्याळ लावले होते. सहा मिनिटे लागली, आणि ओढून पाहिली तर सुटली नाही. कन्या बिनकाट्याचे गळ त्यांना एकेक करून देते आणि गाठ झाली की तपासून डबीत ठेवते.

तिकिटे फेब्रुवारीत उघडतील. सामानाची यादी मात्र तयार आहे. ती सौभाग्यवतीच्या अक्षरात आहे : अण्णांची औषधे, रक्तदाबाचे यंत्र, लोकरीचे मोजे, परवान्याचे कागद, टॉर्च, मोजायची टेप. सगळ्यांत खाली आईने आग्रहाने लिहवून घेतलेली एक ओळ आहे. हिमालयातल्या माशांना ही सवय असेल की नाही, हे मी तिला विचारले होते. नसली तर लावू, असे ती म्हणाली. चिरमुरे, दोन किलो.